टक्क्यांचे टोणपे

२०२४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बॅटरीवर चालणाऱ्या २७ हजार नव्या गाड्यांची नोंदणी झाली. आदल्या वर्षीच्या ऑगस्टचा आकडा ८६ हजारांच्या वर होता. घट जवळपास ६९ टक्क्यांची, आणि हा उणे ६९ चा आकडा जगभरच्या अर्थपानांवर ठळक अक्षरांत झळकला. गणितात चूक काहीच नव्हती. पण कंपन्यांच्या नावे घेतलेल्या ई-गाड्यांचे सरकारी अनुदान १ सप्टेंबर २०२३ पासून बंद होणार, हे जर्मनीत आधीच जाहीर झाले होते. त्यामुळे पुढच्या काही महिन्यांत व्हायची ती खरेदीही कंपन्यांनी त्या ऑगस्टमध्येच उरकून घेतली. धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानात असते तेवढी गर्दी पितृपंधरवड्यात दिसली नाही, म्हणून लोकांची सोन्याची हौस फिटली असा निष्कर्ष कोणी काढत नाही. पितृपंधरवडा कधी आणि धनत्रयोदशी कधी, हे वाचकालाही ठाऊक असते आणि उपसंपादकालाही. जर्मन अनुदानाची मुदत कधी संपली हे मात्र दोघांच्याही गावी नसते.

याच जर्मनीचे वर्षाचे आकडे घेऊ. २०२३ मध्ये सुमारे ५ लाख २४ हजार बॅटरी-गाड्या, २०२४ मध्ये ३ लाख ८१ हजार, २०२५ मध्ये ५ लाख ४५ हजार. आधी २७ टक्के घट, मग ४३ टक्के वाढ. घटीच्या वर्षी फुगा फुटल्याच्या बातम्या आल्या, वाढीच्या वर्षी मुसंडी मारल्याच्या. दोन्ही बातम्या लक्षात ठेवणाऱ्याला वाटेल की २७ गेले, ४३ आले, म्हणजे गाडी १६ टक्के पुढे सरकली. प्रत्यक्षात दोन वर्षांत ती चारच टक्के सरकली आहे. नव्या गाड्यांच्या विक्रीतला वाटा मात्र सरळ गोष्ट सांगतो: १८ टक्क्यांच्या थोडा वर होता, साडेतेरापर्यंत उतरला, पुन्हा १९ वर आला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये उरलेले अनुदानही रातोरात काढल्यावर धक्का बसला. पुढे युरोपीय संघाचे कार्बन उत्सर्जनाचे नियम २०२५ पासून आवळले गेले, कंपन्यांनी त्यातल्या त्यात स्वस्त मॉडेल बाजारात उतरवली आणि गाडी रुळावर आली. विजेच्या गाड्या विरुद्ध जुन्या मोटार कंपन्या ही झुंज आपल्याला वाढीच्या टक्केवारीतून दाखवली जाते, आणि त्या झुंजीबद्दल ही टक्केवारी जवळजवळ काहीच सांगत नाही. कोण जिंकतो आहे ते कळते नव्या विक्रीतल्या वाट्यावरून, तोही बारा महिन्यांचा धरला तर.

आपल्याकडे हाच खेळ दुचाकींच्या बाबतीत होऊन गेला. केंद्राची ‘फेम-२’ अनुदान योजना मार्च २०२४ अखेर संपत होती. त्या मार्चमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरवर उड्या पडल्या आणि एप्रिलमध्ये विक्री निम्म्याच्याही खाली आली. त्या एप्रिलचा ताळेबंद वाचून ज्याने ‘ई-स्कूटरचा जमाना संपला’ असे ठरवले असेल, त्याला पुढच्या वर्षभरात ११ लाखांवर ई-दुचाकी कशा विकल्या गेल्या याचा उलगडा झाला नसता.

आता जगाचा हिशेब. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या म्हणजे आयईएच्या आकडेवारीनुसार, प्लग-इन हायब्रिड धरून, २०२० मध्ये जगात सुमारे ३० लाख ई-कार विकल्या गेल्या. २०२१ मध्ये ६६ लाख, २०२२ मध्ये १ कोटीच्या वर, २०२३ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या जवळ आणि २०२४ मध्ये १ कोटी ७० लाखांच्या वर. टक्केवारी काढली तर चित्र भयाण दिसते: १२० टक्क्यांची वाढ, मग ५५, मग ३५, मग २५. उतरंडच. पण दर वर्षी किती गाड्यांची भर पडली ते पाहा. २०२१ मध्ये सुमारे ३६ लाख आणि २०२४ मध्ये सुमारे ३५ लाख. मधली दोन वर्षेही त्याच्याच आसपास. एखादा फलंदाज प्रत्येक डावात पस्तिसेक धावा करत असेल, तर त्याच्या एकूण धावांतली टक्केवारीची वाढ डावागणिक घसरतच जाणार. त्यावरून त्याचा फॉर्म गेला असे म्हणणाऱ्या समालोचकाला माइक कोणी पुन्हा देणार नाही. मोटारींच्या बाबतीत मात्र ‘वाढीचा वेग मंदावला’ हे वाक्य मथळ्यापर्यंत पोहोचेतो ‘विक्री घसरली’ होऊन जाते. वेग कमी होणे आणि उलटे फिरणे यांत जेवढा फरक घाटात असतो, तेवढाच इथेही आहे.

हा हिशेब ई-गाड्यांच्या भक्तांनाही सोयीचा नाही, हे इथेच सांगायला हवे. स्मार्टफोनसारखी ही विक्री एका वळणानंतर उसळी घेईल आणि पेट्रोलची गाडी दशकभरात वस्तुसंग्रहालयात जाईल, असे भाकीत २०२१ मध्ये हिरिरीने केले जात होते. दर वर्षी तेवढीच भर पडत असेल तर ती उसळी नव्हे, चढण आहे. शिवाय ही भर सगळीकडे सारखी नाही. २०२४ मधल्या १ कोटी ७० लाखांपैकी १ कोटी १० लाख गाड्या एकट्या चीनमध्ये खपल्या. नॉर्वेत त्या वर्षी दर शंभर नव्या गाड्यांत जवळपास ८९ बॅटरीच्या होत्या, अमेरिकेत जेमतेम आठ, भारतात अडीच. ‘जग’ नावाची बाजारपेठ कुठे अस्तित्वातच नाही. तिची सरासरी काढून कोणी आनंदोत्सव साजरा करतो, कोणी श्रद्धांजली वाहतो.

दुसरी गफलत टक्केवारीची नाही, एका कंपनीच्या नावाची आहे. टेस्ला म्हणजेच विजेची गाडी, असे समीकरण माध्यमांत इतके पक्के बसले आहे की त्या कंपनीचा ताप साऱ्या धंद्याच्या कपाळाला हात लावून मोजला जातो. २०२३ मध्ये टेस्लाने १८ लाख ९ हजार गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या, २०२४ मध्ये १७ लाख ८९ हजार. एक टक्क्याची ही घट म्हणजे कंपनीच्या वाढीला अनेक वर्षांत पहिल्यांदा लागलेली खीळ, तेव्हा ती बातमी होतीच. पण त्याच २०२४ मध्ये जगातली ई-कारविक्री २५ टक्क्यांनी वाढली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारीशेजारी फार थोड्या ठिकाणी छापल्या गेल्या. आपल्याकडची गंमत त्याहून वरची. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाची भारतातली पहिली शोरूम उघडली, तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या, मंत्र्यांची भाषणे, पहिल्या पानावरची छायाचित्रे असा थाट होता. साठ लाखांच्या घरात सुरू होणारी ती गाडी वर्षअखेरपर्यंत काही शेकड्यांतच रस्त्यावर आली. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०२५ मध्ये दोन लाखांहून अधिक इलेक्ट्रिक चेतक विकल्या. त्यांच्या वाट्याला आतल्या पानावरचा एखादा कॉलम आला असेल तर नशीब. नाक्यावरच्या दूधवाल्याची स्कूटर बदलते आहे, ही बातमी कॅमेऱ्याला आकर्षक वाटत नाही.

या दुचाकींमुळे ‘नवे विरुद्ध जुने’ ही मांडणीही विस्कटते. ओला इलेक्ट्रिकने एके काळी बाजाराचा निम्मा हिस्सा काबीज केला होता. २०२४ मध्ये तिच्या चार लाखांहून अधिक स्कूटर नोंदल्या गेल्या, २०२५ मध्ये दोन लाखांच्या आसपास. त्याच वर्षी टीव्हीएस पहिल्या क्रमांकावर गेली आणि बजाज दुसऱ्या. दोन्ही घराणी पेट्रोलच्या जमान्यात वाढलेली, दोघांकडेही गावोगावचे डीलर आणि दुरुस्तीचे जाळे तयार. जुन्या कंपन्या डायनासोरसारख्या नामशेष होणार, हे कथानक निदान पुण्याच्या बजाजने आणि होसूरच्या टीव्हीएसने खोटे पाडले. मात्र त्यासाठी त्यांना स्वतःचाच पेट्रोलचा धंदा थोडाथोडा खाण्याची तयारी ठेवावी लागली.

ती तयारी ज्यांनी उशिरा केली त्यांचे काय झाले, हे पाहायचे तर चीनमध्ये जावे लागते. आपल्या वर्तमानपत्रांचे वार्ताहर तिथे जवळजवळ नसतात. माझ्या मते या दशकातली वाहन उद्योगाची सर्वांत मोठी बातमी तिथे घडली आणि ती तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या नावांनी आपल्यापर्यंत आली. २०१९ मध्ये फोक्सवॅगन समूहाने चीनमध्ये ४२ लाख गाड्या विकल्या होत्या, २०२४ मध्ये २९ लाख. तेरा लाख गाड्यांचा खड्डा, आणि तोही अशा बाजारात जिथे दशकानुदशके या कंपनीचे नाणे सर्वांत खणखणीत वाजत होते. २०२३ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने तिला मागे टाकून तिथल्या सर्वाधिक खपाच्या ब्रँडचा मान पटकावला. त्याच वर्षी मित्सुबिशीने चीनमधले मोटारींचे उत्पादनच गुंडाळले. २०२४ मध्ये होंडाची तिथली विक्री एका वर्षात ३० टक्क्यांनी कोसळली. त्या डिसेंबरात जनरल मोटर्सने चीनमधल्या भागीदारीपोटी पाच अब्ज डॉलरहून अधिकचा फटका ताळेबंदात दाखवणार असल्याचे कळवले आणि फोक्सवॅगनने कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजार नोकऱ्या कमी करायचे ठरवले. होंडा आणि निस्सान यांच्या विलीनीकरणाची बोलणीही त्याच महिन्यात सुरू झाली आणि फेब्रुवारीत फिसकटली. आपण या बातम्या कामगार प्रश्न, जपानी कंपन्यांचे अंतर्गत राजकारण, डॉलरचे हिशेब अशा वेगवेगळ्या रकान्यांत वाचल्या. त्यांना जोडणारा धागा एकच होता: चीनमध्ये दर दोन नव्या गाड्यांतली जवळपास एक प्लगवर चालणारी झाली होती आणि ती बहुधा चिनी बनावटीची होती. ब्लूमबर्ग एनईएफच्या अभ्यासकांच्या मते केवळ इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांच्या जागतिक विक्रीचे शिखर २०१७ मध्येच येऊन गेले. शिखरावरून उतार सुरू झाला त्या वर्षी त्याची बातमी कुणी छापली नाही, छापता येणारही नव्हती. शिखर होते हे खूप खाली उतरल्यावरच कळते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चिनी आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा? आक्षेप पोकळ नाही. तिथे अनुदानांचा पाऊस पडला, किमतींचे युद्ध असे पेटले की सरकारलाच कान उपटावे लागले, आणि एक किलोमीटरही न धावलेल्या गाड्या ‘जुन्या’ म्हणून नोंदवून विकण्याचा प्रकार ग्रेट वॉल मोटर या चिनी कंपनीच्याच अध्यक्षांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितला. पण या फुगवट्यापायी एकूण विक्रीतून दहावा हिस्सा वजा केला, तरी फोक्सवॅगनच्या खात्यातून गेलेल्या तेरा लाख गाड्या परत येत नाहीत. तो आकडा चीन सरकारचा नाही, कंपनीच्या वुल्फ्सबर्गमधल्या मुख्यालयाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म: प्लग-इन हायब्रिडमध्ये पेट्रोलचे इंजिन असतेच, मग तिला विजेची गाडी का म्हणायचे? हे मला मान्य आहे. बीवायडीने २०२४ मध्ये सुमारे ४२ लाख ७० हजार गाड्या विकल्या, त्यांपैकी निव्वळ बॅटरीच्या १७ लाख ६० हजारांच्या आसपास. ‘बीवायडीने टेस्लाला दुपटीने मागे टाकले’ असे त्या वर्षी कोणी लिहिले असेल तर त्याने आंब्याबरोबर कैऱ्याही मोजल्या. निव्वळ बॅटरीच्या गाड्यांत टेस्ला तेव्हा किंचित पुढेच होती. बीवायडीने तिला वार्षिक विक्रीत गाठले आणि ओलांडले ते २०२५ मध्ये.

तिसरा आक्षेप टोयोटाच्या नावाने येतो. ही कंपनी घाई न करता साध्या हायब्रिडवर ठाम राहिली, २०२४ मध्ये समूह म्हणून एक कोटी आठ लाख गाड्या विकून जगात पहिली आली आणि नफ्याचे विक्रमही तिने केले. उलट फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाने २०२३ मध्ये ४.७ अब्ज डॉलरचा तोटा सोसला, पुढच्या वर्षी पाच अब्जांच्या वर. मग शहाणे कोण? नफ्याच्या हिशेबात टोयोटा, यात वाद नाही. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, अंतरे लांब आणि ट्रकएवढ्या गाड्यांची आवड. तिथे लाइटनिंगसारखा महागडा इलेक्ट्रिक पिकअप लाखांनी खपेल हा फोर्डचा अंदाज चुकलाच. पण हे उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. कोणत्या कंपनीने कोणत्या देशात कधी पैसे घालावेत, हा व्यवस्थापनाचा प्रश्न. ग्राहक कुठे चालला आहे हा बाजाराचा. टोयोटाची सावधगिरी अमेरिकेत फळाला आली आणि चीनमध्ये, २०२४ मध्ये, तिचीही विक्री सुमारे सात टक्क्यांनी घटली.

माध्यमे असे का करतात? यामागे तेलकंपन्यांचे कारस्थान शोधणाऱ्यांची कमी नाही. मोटार कंपन्यांच्या जाहिरातींवर वर्तमानपत्रे पोसली जातात हे खरेच, पण आज त्या जाहिरातींत विजेच्या गाड्याही तेवढ्याच दिमाखात झळकतात. कारण त्यापेक्षा साधे आहे. आकडे दर महिन्याला येतात, बातमीला हालचाल लागते, आणि वाट्यातला अर्ध्या टक्क्याचा फरक हालचालीसारखा दिसत नाही. त्यात कंपन्यांच्या घोषणा आहेत. व्होल्व्होने २०२१ मध्ये सांगितले की २०३० पासून आम्ही फक्त विजेच्या गाड्या विकू. ती बातमी झाली, जणू काही गाड्या विकूनच झाल्या. २०२४ मध्ये कंपनीने ते उद्दिष्ट सैल केले. तीही बातमी झाली, जणू विकलेल्या गाड्या परत आल्या. दोन्ही वेळा रस्त्यावर काहीच घडले नव्हते. आगीच्या बातम्यांचेही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनजवळच्या ल्युटन विमानतळाच्या बहुमजली पार्किंगमध्ये भडका उडाला तेव्हा ज्वाला विझायच्या आत समाजमाध्यमांवर इलेक्ट्रिक गाडीला दोषी ठरवून झाले होते. अग्निशमन दलाने सुरुवात डिझेलच्या गाडीपासून झाल्याचे सांगितले. खुलासा आला, पण अफवेला पाय असतात आणि खुलाशाला कुबड्या.

आणि भारतातल्या मोटारी? २०२४ मध्ये एक लाखाला थोड्या कमी ई-कार विकल्या गेल्या, २०२५ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास. वाढ ७७ टक्के. या आकड्यावर कोणीही लट्टू होईल. वाटा मात्र अडीच टक्क्यांवरून चारापर्यंत गेला, म्हणजे शंभरांतल्या ९६ घरांनी दुसरेच काही घेतले. त्यांतल्या वीसेक जणांनी सीएनजीची गाडी घेतली. पेट्रोल-डिझेलला आजवर आपल्याकडे खरी टक्कर कोणी दिली असेल तर ती या टाकीवाल्या गाड्यांनी, पण सीएनजीवर परिसंवाद भरत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, ई-कारचा पाचच राहिला, त्यामुळे दोघांतले करांचे अंतर घटले. २०२६ च्या आकड्यांत त्याचा परिणाम दिसेल तेव्हा तो ‘ग्राहकांनी पाठ फिरवली’ म्हणून छापला जाऊ नये, एवढी काळजी घ्यायला हवी.

भोसरीत पिस्टन, सायलेन्सर किंवा क्लचचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखानदाराला या सगळ्याची सर्वांत जास्त गरज आहे. त्याला नव्या मशीनसाठी बँकेकडून पाच-सात वर्षांचे कर्ज घ्यायचे असते. चाकणला महिंद्राच्या इलेक्ट्रिक एसयूव्ही बनतात, रांजणगावला नेक्सॉन. दोन्हीकडची कामे त्याच्या परिसरातूनच फिरतात. २०२४ चे मथळे वाचून त्याने ठरवले असेल की ई-गाड्यांचे भूत उतरले, तर तो इंजिनाच्या भागांत पैसे अडकवून बसेल. ७७ टक्क्यांनी तो हबकला, तर चालता धंदा घाईने बंद करेल. त्याला कळायला हवे ते असे: तीनचाकीत निम्म्याहून अधिक नव्या गाड्या विजेच्या झाल्या आहेत, दुचाकींत शंभरात सहाच्या आसपास, मोटारींत चार. रिक्षाच्या इंजिनाचे भाग करणाऱ्याची घटका भरत आली आहे, मोटारीचे पिस्टन करणाऱ्याच्या हाती अजून काही वर्षे आहेत. तीनचाकी ई-वाहनांच्या विक्रीत भारताने २०२३ मध्ये चीनलाही मागे टाकले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या शोरूमला मिळालेल्या जागेचा शतांशही या बातमीला मिळाला नाही. केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर हे आकडे कोणालाही बघता येतात, राज्यवार, अगदी आरटीओनिहायसुद्धा.

अमेरिकेत ई-कारवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. मुदतीआधी झुंबड उडाली, त्या तिमाहीत तिथे विक्रमी ई-कार खपल्या आणि पुढच्या तिमाहीत विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. २०२६ च्या ऑक्टोबरात सप्टेंबर तिमाहीचे नवे आकडे येतील, त्यांची तुलना त्या झुंबडीशी होईल आणि मोठी घट निघेल. मथळा आजच लिहून ठेवता येईल.